ओढ्यापलीकडची आपा

आमची आपा, म्हणजे आई, घोडीचं दूध काढायला बसली की बाकीच्या बायका आपापल्या बादल्या घेऊन बाजूला व्हायच्या. सोन-कोल तळ्याकाठच्या डोंगरी कुरणावर सायरागुलच्या, म्हणजे आपाच्या, कुमिसला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाला, तोड नाही, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त ती स्वतःच म्हणायची. ते उन्हाळे आठवले की माझा जीव अजून तिथेच घुटमळतो.

मग तिला दम लागू लागला. घोडीजवळ गेली की शिंका, डोळ्यांना पाणी, छातीत शिट्टी. म्हणायची, "उंचावरची हवा बाधते." जन्म त्याच हवेत गेला होता, पण आपाशी वाद कोण घालणार! एकदा ओठ निळे पडले, तेव्हा कुठे तिला नारीन शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं.

"तुमच्या रक्तातली काही प्रथिनं घोड्याच्या अंगावरच्या कोंड्याला शत्रू समजतात," डॉक्टर म्हणाले. "तो दिसला की हाकाटी पिटतात. मग आणखी प्रथिनं धावून येतात, श्वासनलिका सुजते, आवळते. हाच दमा. औषध देतो, पण घोड्यांजवळ जायचं नाही."

"त्यांना सांगा ना, मी घोड्याच्या पाठीवर वाढलेय!"

"ती कुणाचं ऐकत नाहीत, आपा."

"मग माझ्याच वळणावर गेलीत मेली!"

दुसऱ्या दिवशी नुरझातवहिनी दूध काढायला बसली. बाकीच्या घोड्यांनी दिलं. आपाची लाडकी तोरू मात्र पान्हा चोरून उभी. शिंगरू लावून पाहिलं, तर तिनं लाथेनं बादलीच उडवली. दादा वैतागला, "आटली तर थंडीत फुकट पोसायची नाही. मांसासाठी कापू." वहिनी रडकुंडीला आली.

आपा वाऱ्याची दिशा बघून ओढ्यापलीकडे बसली होती. तिथूनच तिनं दूध काढतानाची आपली नेहमीची हाळी दिली, "कुरो, कुरो, कुरो..."

तोरूचे कान वळले. बादलीत धार वाजली.

"नुरझात, दूध काढतेस की गुदगुल्या करतेस? दाब जरा!"

वहिनी हसत हसत दाबत राहिली. बादली भरली. घोडी मोकळी सोडली, तशी ती सरळ ओढ्यात उतरली आणि आपाकडे निघाली.

आपा घाईनं मागे सरली. शिव्या घातल्या, खडे मारले. तोरू थबकली, मग मुकाट परत फिरली. आपा खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालात तोंड खुपसून रडू लागली.