ट्रॉलीवरच्या बाई

माझ्या गावाचं नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. कुणी शेवटी नुसता टी लावतो, कुणी टीला एच जोडतो. मानवतमध्ये हयात गेलेल्या माणसालाही यात कधी अडचण येत नाही. मला आली, कारण माझ्या पासपोर्टावर गाव एका तऱ्हेनं होतं आणि बी.एड.च्या कागदांवर दुसऱ्या. तेव्हा मी थायलंडमधल्या एका ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत होते. ऑक्टोबरच्या सुट्टीत घरी आले आणि व्हिसाचं नूतनीकरण त्या एका अक्षरावर अडलं. ही दोन गावं आहेत की एक, आणि एकच असेल तर तसा दाखला आणा, असं तिकडच्या कचेरीनं कळवलं.

दाखला मागायला मी आधी मानवतमध्ये आणि मग परभणीला गेले. परभणीच्या कचेरीतले बाबू भले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचार करून म्हणाले, की रहिवासाचा दाखला देता येतो, उत्पन्नाचा देता येतो, पण गाव हे तेच गाव आहे याचा नमुना अजून निघालेला नाही. अर्ज ठेवून जा, वर विचारतो, म्हणाले. वरून उत्तर यायला तीन महिने लागले.

त्या शाळेत मी कशी लागले हे थोडं सांगायला हवं, कारण आम्ही भिक्षुकी करणारं घराणं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मानवत आणि आसपासच्या गावांत सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं सांगतात. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं, रोज सकाळी वर्गात प्रार्थना होते, तेव्हा तुम्हाला शांत उभं राहता येईल का. कुणाची तरी पूजा संपायची वाट बघत शांत उभं राहण्यात माझं बालपण गेलं होतं. मी हो म्हणाले. इकडं नातेवाइकांनी बरंच काही विचारलं. अण्णांनी एवढंच विचारलं, की जेवायला काय देतात.

आता सुट्टी संपली, वर्गात चौदा मुलं, आणि बाई मानवतमध्ये. बदली शिक्षक मिळेना. मुख्याध्यापकांनी तोडगा काढला, की मी घरून लॅपटॉपवर शिकवायचं आणि तिकडं मोठा पडदा चाकांच्या ट्रॉलीवर ठेवून वर्गात उभा करायचा. सोबतीला वर्गाच्या मदतनीस बाई होत्याच. त्या थाई, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या आणि कशालाही न दचकणाऱ्या. हे आठवडाभर चालेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

तिकडची आठची शाळा म्हणजे आमच्याकडचे साडेसहा. साडेसहाला अण्णांची पूजा असते. घर दोन खोल्यांचं, नेट फक्त पुढच्या खोलीत आणि देवही पुढच्याच खोलीत. मी अण्णांना अर्धा तास आधी पूजा उरकता का विचारलं. ते म्हणाले, "देवाची वेळ कशी बदलायची? तुझ्या साहेबाला म्हणावं, तुमीच जरा उशिरा भरवा शाळा." साहेबांना मी हे कळवलं नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी माझा वर्ग तिकडं डोळे मिटून प्रार्थनेला उभा राहिला आणि इकडं माझ्या पाठीमागं घंटा सुरू झाली. मला वाटलं, आज नोकरी गेली. पण घंटा थांबली तशी चौदाच्या चौदा मुलं आमेन म्हणाली. शाळेची नवी पद्धत असावी असं त्यांना वाटलं. तेव्हापासून घंटा थांबल्याशिवाय कुणी आमेन म्हणेना. संकष्टीला अण्णांची आरती लांबायची, तेव्हा मुलं डोळे मिटून तशीच उभी राहायची. मुख्याध्यापक एकदा मागं उभे राहून बघून गेले. दुपारी त्यांची दोन ओळींची चिठ्ठी आली, की वर्गाची एकाग्रता वाढलेली दिसते.

मी ट्रॉलीवर आहे म्हणजे मला ढकलावं लागतं, हे मुलांच्या पहिल्याच तासात ध्यानात आलं. फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं या कामांच्या तक्त्यात त्यांनी बाई ढकलणं हे नवं काम घातलं. ग्रंथालयात, जेवणाला, मैदानावर, जिथं वर्ग तिथं मी. एकदा दोघांत पाळीवरून भांडण झालं आणि मला बोळात भिंतीकडं तोंड करून सोडून दोघं तक्रार करायला गेली. तक्रार माझ्याकडंच करायची होती, पण मी वर्गात नाही म्हणून ती मुख्याध्यापकांकडं गेली. पाऊण तास मी पिवळी भिंत बघत बसले. आई चहा घेऊन आली, पडद्यावर वाकून बघितलं आणि म्हणाली, रंग बरा हाय.

पहिल्याच महिन्यात आगीची कवायत झाली. शाळेची घंटा तीनदा वाजली की सगळ्यांनी रांगेनं मैदानातल्या मोठ्या झाडाखाली जायचं आणि शिक्षकांनी मुलं मोजायची. माझी मुलं रांगेत लागली. दोघांनी ट्रॉली ढकलायला घेतली. मदतनीस बाईंनी त्यांना अडवलं असावं, कारण एक कोरियन मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई आत राहिल्या तर जळतील." मदतनीस बाई बाजूला झाल्या. गवतातून खडखडत मला झाडाखाली नेलं.

मी मानवतमध्ये खुर्चीवर बसलेली. माझा सगळा वर्ग उभा, मी एकटी बसलेली, हे बरं दिसेना. मी उठले आणि लॅपटॉप हातात धरून अंगणात येऊन उभी राहिले. तसं करायचं काहीच कारण नव्हतं, हे मला आज कळतं. मला बाहेर जाताना बघून आई हात पुसत बाहेर आली. आई बाहेर दिसली म्हणून शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आगीची घंटा झाली," मी म्हणाले.

"कुठं लागली?"

"थायलंडात. खरी न्हाई लागली."

काकूंनी थोडा विचार केला. मग घरात जाऊन गॅस बंद करून आल्या आणि आमच्यासोबत उभ्या राहिल्या. झाडाखाली मी मुलं मोजली, चौदा भरली. मग मुख्याध्यापकांनी शिक्षक मोजले आणि मला धरून मोजले. आत जायची परवानगी मिळाल्यावर मुलं आत गेली, मी आत गेले, आई आत गेली. काकूंना सांगायचं राहून गेलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या, असं अण्णांनी नंतर सांगितलं.

डिसेंबर आला तरी दाखला आला नाही. नाताळचं नाटक दुसरीनं करायचं, ही शाळेची रीत. मी पडद्यावरूनच तालीम घेत होते. वाक्यं मुलांनी लिहायची असं ठरलं होतं. देवदूत झालेल्या मुलाला कांजिण्या आल्या, आणि त्याच्या जागी कोण, यावर वर्गानं मत घेतलं. देवदूत दुरून येतो, मेंढपाळांना निरोप देतो आणि त्याला कुणी हात लावू शकत नाही. मुलांच्या दृष्टीनं असं माणूस शाळेत एकच होतं. माझ्या बाजूनं पंधरा मतं पडली, नोव्हेंबरअखेर आलेली नवी मुलगी धरून. कांजिण्या झालेल्यानं घरून फोनवर मत दिलं.

पंखांचा प्रश्न आईनं सोडवला. मानवतमध्ये कापूस मागायला लांब जावं लागत नाही. वाती वळायला ठेवलेल्या पेळूतला कापूस तिनं जुन्या धोतराच्या पट्टीवर थापून शिवला. ते पंख पाठीवर बांधले तर पडद्यावर दिसेनात, म्हणून अण्णांनी ते माझ्यामागं दोन खिळ्यांवर टांगून दिले. खिळे ठोकताना त्यांनी विचारलं, "हा देवदूत म्हणतो तरी काय?"

मुलांनी लिहिलेली वाक्यं मी मराठीत सांगितली. घाबरू नका. बाळ जन्मलं आहे. उठा आणि चालायला लागा. वाटेत पाणी प्या.

अण्णा म्हणाले, "बराबर हाय सगळं." पाण्याचं त्यांना विशेष पटलं.

नाटकाच्या दिवशी सभागृहात पालक भरले होते. अण्णांनी त्या दिवशी आपणहून पूजा लवकर आटोपली आणि माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं, स्टूल घेऊन बसले. मेंढपाळ झालेली पाच मुलं शेकोटीभोवती बसली होती. मला रंगमंचाच्या पडद्याआडून ढकलत पुढं आणलं. मेंढपाळ घाबरून पालथे पडले, तालमीत शिकवलं होतं तसे. मी तोंड उघडलं, "घाबरू नका," म्हणाले, आणि लाईट गेली.

लॅपटॉप चालू होता, पण नेट गेलं. मी फोन घेऊन गच्चीवर पळाले, कारण रेंज तिथंच येते. मागून अण्णा लॅपटॉप घेऊन आणि आई पंख घेऊन आली. तिकडं काय झालं ते मला मदतनीस बाईंनी नंतर सांगितलं. पडद्यावर मी तोंड वासून गोठले. आता देवदूत जाईपर्यंत मेंढपाळांनी उठायचं नाही, हे मीच तालमीत दहादा बजावलं होतं. देवदूत जाईना. पाचही पोरं पालथी पडून राहिली. पालकांना आधी ते उत्तम वाटलं, मग लांबलं. एकाला तिथंच डोळा लागला. शेवटी मदतनीस बाई उठल्या, एका टेबलावरची चादर काढली आणि माझ्यावर टाकली. देवदूत दिसेनासा झाला तसे मेंढपाळ उठले, झोपलेल्याला हलवून उठवलं आणि गोठ्याकडं निघाले.

ते गोठ्यात पोचून बाळाला नमस्कार करत होते, तेव्हा मला रेंज मिळाली. आई दोन्ही हात ताणून माझ्यामागं पंख धरून उभी होती. मला समोर नुसता अंधार दिसत होता. वाटलं, दिवे मालवून माझीच वाट बघतायत. मी मोठ्या आवाजात पुन्हा सुरुवात केली, "घाबरू नका."

सभागृहात चादरीखालून आवाज आला. मग एक मेंढपाळ चादरीकडं वळून नीट म्हणाला, "आता नाही घाबरत आम्ही. पोचलो."

उरलेलं एकच वाक्य कामाचं होतं, ते म्हणाले, "पाणी प्या." आणि नाटक संपलं.

टाळ्या पुष्कळ झाल्या म्हणे. मला त्या चादरीमुळं दबून ऐकू आल्या. मी गच्चीच्या कठड्यावर बसले आणि मला रडू आलं. महिनाभराच्या तालमीचं मातेरं झालं असं वाटत होतं. आई पंख घडी घालत होती. अण्णांनी लॅपटॉप मिटला. लहानपणी स्तोत्रं पाठ करून घेताना एक अक्षर चुकलं तरी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. ते म्हणाले, "दोन महिने झाले, मी ऐकायलोय. तू लेकरांवर ओरडत न्हाईस."

"न्हाई," मी म्हणाले.

"तरी ऐकतेत."

"ऐकतेत."

ते लॅपटॉप काखेत धरून जिना उतरले. शिकवण्याबद्दल आम्ही आयुष्यात एवढंच बोललो.

जानेवारीत दाखला आला. टपोऱ्या शिक्क्याखाली लिहिलं होतं, की सदर दोन्ही नावांचं गाव एकच असून ते जागेवर आहे. तिकडच्या कचेरीला ते पुरलं. महिनाअखेर मी माझ्या वर्गाच्या दारात उभी होते. मुलं धावत आली आणि जवळ येऊन थांबली. मला पुन्हा पाय फुटले याचं त्यांना कौतुक वाटलं, पण उंचीबद्दल थोडी निराशा झाली. ट्रॉलीवर मी बरीच उंच दिसायचे.

एक मुलगी मात्र जागची उठली नाही. ती नोव्हेंबरात आलेली, इंग्रजी कच्चं, आणि तिनं मला फक्त पडद्यावर बघितलं होतं. रोज जेवणानंतर ती ट्रॉलीसमोर बसून मला दोन ओळी वाचून दाखवायची. आता ती मला नमस्कार करायची, पण वाचायची नाही. मदतनीस बाईंना तिनं हळूच विचारलं, की बाई कधी येणार.

मी समजावून बघितलं. उपयोग झाला नाही. मग मी शेजारच्या सामानाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले, मदतनीस बाईंनी ट्रॉली चालू केली, आणि मुलगी लगेच पुस्तक उघडून वाचायला लागली. आठ दिवस आम्ही असंच केलं. मधलं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं माझा आवाज तिला दोन्हीकडून ऐकू जायचा, एक जरा आधी, एक जरा उशिरा. ती मधेच थांबून दाराकडं बघायची आणि पुन्हा वाचायची.

नवव्या दिवशी एका शब्दाला ती अडली. मी तो सांगितला. पडद्यावर तो तुटक गेला असावा. तिनं पुस्तक उचललं, दार ढकलून आत आली आणि चेंडूंच्या पेटीवर माझ्याशेजारी बसली.

"इथून लवकर ऐकू येतं," ती म्हणाली, आणि त्या शब्दावर बोट ठेवून तो पुन्हा सांगायला लावला.