लॅम्पला लावलेलं कुंकू

आमच्या टॉकीजचे मालक शिकलेले आहेत. घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली. अडाणी माणूस यंत्राला घाबरून चार हात लांब तरी उभा राहतो. शिकलेल्याला भीती नसते आणि माहितीही नसते, वर तोंड मात्र चालू असतं. मी तिथे ऑपरेटर आहे, आणि इतक्या वर्षांत ‘ह्यात काय एवढं’ हे वाक्य मी त्यांच्याकडून जितक्यांदा ऐकलंय तितक्यांदा राष्ट्रगीतही ऐकलं नसेल.

रिळं गेली, डिजिटल मशीन आलं, पण पडद्यावरचा उजेड अजून झेनॉनच्या लॅम्पचाच. मधे अंड्याएवढा काचेचा फुगा, दोन्ही बाजूंना धातूची टोकं. फुग्यात वायू इतका दाबून भरलेला असतो की लॅम्प थंड असतानाही फुटू शकतो. म्हणून तो प्लास्टिकच्या कवचात येतो आणि कवच मशीनमध्ये बसवल्यावरच काढायचं असतं. हातात जाड हातमोजे, तोंडावर फेस शील्ड. काचेला उघडं बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसायचं, नाहीतर तो डाग काचेत भाजला जातो आणि काच तिथे कमजोर होते. लॅम्प बंद केला की पंखा चालू ठेवून पंधरा मिनिटं मशीनचं दार उघडायचं नाही. एवढंच शास्त्र आहे. पहिली पास झालेल्या लेकरालाही समजेल.

फेस शील्ड कंपनीने दोन दिली होती. एक कॅन्टीनवाल्याने भजी तळायला नेलं. मी तक्रार केली, तर मालक म्हणाले, ‘‘त्याच्या तोंडावर तेल उडते ना बाप्पा, तुमच्या कुठं उडते!’’ मोठा विनोद झाला. सगळे हसले.

दसऱ्याच्या सकाळी नवा लॅम्प बसवायचा होता. सोयाबीन निघालेलं, महागावपासून आणि तांड्या-तांड्यांवरून लोक येणार, बाराचा शो भरणार हे नक्की. मी खाली चहा प्यायला गेलो आणि दहा मिनिटांत वर आलो, तर केबिनमध्ये उदबत्तीचा धूर. पाने-पक्कड, मशीन, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. त्याचं मला काही नाही. हत्यारं पुजायचीच असतात, माझ्या घरीही पुजतात. पण ताटात, फोडलेल्या नारळाच्या शेजारी, कवच काढलेला नवा लॅम्प ठेवला होता आणि त्याच्या फुग्यावर मालकांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली होती. डोळे मिटून आरती चालली होती. तो तिथेच फुटला असता तर मालकांना प्रसाद मिळाला असता.

मी स्पिरिट काढलं.

‘‘आज पुजला अन् आजच पुसता काय?’’ मालक भडकले. ‘‘अपशकुन करून राह्यले तुम्ही. राहू द्या तसाच.’’

मी दोनदा सांगितलं. ते दोनदा म्हणाले, ‘‘ह्यात काय एवढं?’’ आणि खाली निघून गेले.

आता खरं सांगतो. ते गेल्यावर मला पुसता आलं असतं. एका मिनिटाचं काम, आणि मालक काही पुन्हा वर येऊन बघणार नव्हते. पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, फुटू दे. भर शोमध्ये फुटू दे, म्हणजे ह्या माणसाला कळेल. मी लॅम्प कुंकवासकट बसवला आणि चालू केला. मनातून मी मजेत होतो.

मध्यंतराआधीच उजेड लपलपायला लागला, मग पडदा पार मळकट झाला. खाली शिट्ट्या. मी लॅम्प बंद केला आणि जुनाच पुन्हा बसवायचं ठरवलं. बॅटरी धरायला डोअरकीपरला वर बोलावलं. तो तांड्यावरचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा, उभा जन्म तिकिटं फाडण्यात गेलेला. लॅम्पमधलं त्याला काही कळत नव्हतं, कळायचं कारणही नव्हतं.

खालून मालकांचा फोन, शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. पंधरा मिनिटांऐवजी मी पाचव्या मिनिटाला दार उघडलं. शील्ड एकच होतं, ते मी घातलं. तो माझ्या खांद्यावरून वाकून उजेड दाखवत होता.

आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला. माझ्या शील्डवर काचा तडतडल्या. मागून तो ‘‘याडीऽ’’ म्हणून ओरडला, आपल्या बोलीत, आईला हाक मारावी तसा, आणि खाली बसला.

उजवा डोळा गेला. यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मालक फळं घेऊन आले. खाटेशेजारी उभे राहून मला म्हणाले, ‘‘लॅम्पच खराब निघाला. पूजा केली होती म्हणून एका डोळ्यावर निभावलं.’’

एरवी मी त्यांना तिथेच उभं फाडलं असतं. पण पट्टी बांधलेल्या डोक्याने डोअरकीपर हळूहळू मान हलवत होता. त्याला ते पटलं होतं. मालक गेल्यावर त्याने चाचपून माझा हात धरला.

‘‘भाऊ, तुले त लागलं नाही ना?’’

‘‘नाही काका.’’

‘‘बरं झालं. तुले काही झालं असतं तं मशीन कोणं चालवलं असतं?’’

मी मान खाली घालून मोसंबी सोलत बसलो. मालकांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो आता पुन्हा दारावर उभा असतो, तिकीट डाव्या डोळ्याजवळ नेऊन फाडतो, आणि मी अजून त्याला ते सांगितलेलं नाही.