भावजींनी उडी मारून पाहिली

आमच्या भावजींइतका, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांइतका, चौकस माणूस डहाणूपासून सफाळ्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं हा त्यांना आळशीपणा वाटतो. एकदा वाणगावच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, मिरचीचा खरा जाळ देठाकडे असतो. भावजींनी तिथेच उभं राहून टोकापासून देठापर्यंत एक मिरची चावत नेली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी त्या माणसाला शोधून सांगून आले, "बरोबर बोललास रे." चिकू कशात लवकर पिकतो हे बघायला त्यांनी काही तांदळात पुरले, काही गोधडीत गुंडाळले, आणि दोन स्कूटरच्या डिकीत ठेवून विसरले. पुढे बरेच दिवस त्या स्कूटरवर मुंग्या त्यांच्याबरोबर चिंचणीभर हिंडल्या.

त्यांची मासेमारीची छोटी होडी आहे, मागे लटकवायचं पेट्रोलचं इंजिन लावलेली. पूर्वी वन्संही पुढे बसून जायच्या. त्यांचे गुडघे धरले तसे भावजी एकटेच जायला लागले. अशात मोबाइलवर इंजिनाच्या कंपनीचा निरोप आला. या इंजिनाला एक लाल दोरी असते. एक टोक इंजिनाच्या बटणात, दुसरं आपल्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. तर काही इंजिनांची ती बटणं बिघडलेली आहेत, तेव्हा चालवू नका, बदलून घ्या, पैसे लागणार नाहीत, असं लिहिलं होतं.

दुसरा कुणी असता तर इंजिन उचलून बोईसरला कंपनीच्या दुकानात गेला असता. भावजी म्हणाले, "बिघडलंय ते बघायला नको?" ओहोटीला खाडीत कमरेएवढं पाणी असताना त्यांनी होडी सावकाश सोडली, मनगटाला दोरी बांधली आणि सदऱ्यासकट पाण्यात उडी घेतली. दोरी निसटली. होडी थांबली नाही. मागे वळून न बघता फटफट करत गेली ती तिवरांच्या चिखलात जाऊन रुतली.

काठावर माझ्याशेजारी बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "बघ वैनी, होडीसुदा कंटाळली यांना."

भावजी चिखल तुडवत गेले, पेट्रोलची नळी काढून इंजिन गप्प केलं आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "कंपनी खरं बोलतेय."

मग टेम्पोत इंजिन घालून बोईसर. तिथल्या मेकॅनिकने विचारलं, "चाचा, आपको कैसे पता चला खराब है?"

"कूद के देखा."

 त्या पोराने स्वतःसाठी मागवलेला चहा भावजींपुढे सरकवला.

नवीन बटण बसलं, म्हणजे परत उडी आलीच. या वेळी होडी दोन हात पुढे गेली आणि गप्प उभी राहिली. मला वाटलं, आता बाहेर येऊन तासभर बटणाची गोष्ट सांगतील. तर भावजी निथळत येऊन आमच्यापाशी बसले आणि होडीकडे बघत म्हणाले,

"वैनी, त्या दिवशी होडीची पाठ बघितली ना, तेवा कळलं. ही पुढं बसायची तेवा मी पडलो असतो तर हिनं बोंब मारली असती, होडी वळवली असती. आता एकटा जातो. पडलो तर थांबणारं कोण? हे एवढंसं बटण."

 वन्संनी पदराने नवऱ्याचं डोकं पुसलं.

आता होडी काढायच्या वेळी वन्सं गुडघे धरत काठापर्यंत येतात आणि ती लाल दोरी स्वतः भावजींच्या मनगटाला बांधतात. भावजी जन्मभर जाळी विणत आले, गाठी त्यांच्या बोटांत आहेत. तरी वाकून म्हणतात, "कशी मारलीस गाठ? नीट दिसली नाय. परत दाखव."

आणि वन्सं, भरती उतरायला लागलेली, होडी काढायची घाई असली तरी, गाठ सोडतात आणि सावकाश पुन्हा बांधतात.