चुलीचा तिसरा दगड

वच्छलाबाईची चूल बघितली की परका माणूस हटकून विचारतो, "बाई, दोन दगड आणि तिसरी वीट, हे काय?" वच्छलाबाई पदर सावरते आणि न हसता सांगते, "तिसरा नोकरीवर शे."

माणूस हसतो, बाई जरा सरकलेली दिसते असं मनात म्हणतो आणि चहा पिऊन चालता होतो. पण आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल की ती बोलली त्यात रतीभर खोटं नाही. तिसरा दगड खरोखर नोकरीवर आहे, रतिलाल शेठच्या कापसाच्या जिनात. आणि नुसता नोकरीवर नाही. मुकादमापेक्षा वरच्या हुद्द्यावर.

वच्छलाबाई माहेरची धुळ्याकडची. लग्न होऊन जळगावला आली ती एक तवा, एक ट्रंक आणि धुळ्याकडची बोली घेऊन. तवा फुटला, ट्रंकेला गंज चढला, बोलीला मात्र काही झालं नाही. नवरा हमाल होता, दोन दिवसांच्या तापात गेला. मागं राहिली सुंदर, पाच वर्षांची पोरगी, आणि जिनातली वच्छलाची जागा.

आता जागा म्हणजे काय, तेही ऐका. जिनात कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं असतात, त्यांना रेचे म्हणतात. रांगेनं रेचे आणि प्रत्येक रेच्यापाशी एक बाई. दिवसभर कापूस चारत बसायचं. मशीन खातं, बाई चारते. मशीनचं पोट भरत नाही आणि बाईचं तर विचारूच नका. वच्छलाची जागा खिडकीपाशी होती. तिथं वारा यायचा, रुईचा भुगा नाकात कमी जायचा. त्या जागेवर फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या निम्म्या बायांचा डोळा. आणि छगन मुकादमाचा कायदा एकच: भोंगा वाजला तेव्हा जी हजर, तिची जागा. एक दिवस चुकलात की जागा दुसरीची, आणि तुम्ही फाटकाबाहेर.

पौषात सुंदरला गोवर निघाला.

गोवर म्हणजे घरी देवीआई पाहुणी आलेली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी नाही, तवा नाही, आवाज नाही. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि हातानं आईचा पदर घट्ट धरलेला. वच्छलानं तो कसाबसा सोडवला, शेजारच्या म्हातारीला दाराशी बसवलं आणि भोंग्याच्या आधी जिनाच्या फाटकाशी धावली.

छगन मुकादम मिशीला पीळ देत उभा होता. मिशी थोडी, पीळ फार.

"मुकादम, मनी पोरले गोवर निंघना. चार-आठ दिवस येता येणार नाही. माझी जागा तेवढी ठेवा."

"जागा काय शिंक्यावर ठेवू? भोंगा वाजला की मशीन सुरू. मशीनला गोवर निघत नाही."

"घरात मी नि पोरगी, दोघीच हो. तिला कोणावर टाकू?"

"मग पोरीचं कर. तुला कोणी अडवलंय? फक्त परत आलीस की जागा मागू नको."

मागं आबेदा उभी होती, वच्छलाच्या शेजारच्या रेच्यावरची. नवरा नूर महंमद आठवडे बाजारात बांगड्या विकायचा. आबेदाची जीभ म्हणजे नव्या कात्रीसारखी. ती म्हणाली, "मुकादम, मुंबईवाल्यांनी म्हणे बाळंतिणीला सुट्टीचा कायदा केला. पोर पैदा करायला सुट्टी, आणि पैदा झालेलं जगवायला नाही?"

"तो कायदा आपल्या जिनाला लागू आहे की नाही, ते शेठला विचार," असं म्हणून छगन फाटकात शिरला. शेठला विचारायचं म्हणजे उंटाच्या पाठीवर चढून त्याच्याच कानात बोलण्यासारखं. कोण विचारणार?

वच्छलाचे डोळे भरले. आबेदानं तिला भिंतीशी ओढलं.

"अरी, रोती काय को? बाजारात जागा कशी धरतात? माझा नूर महंमद दुखण्यात पडला तर महिनाभर त्याच्या जागी फक्त एक दगड होता. कोणाच्या बापाची हिंमत झाली का तिथं पथारी टाकायची? दगड ठेवला म्हणजे माणूस बसला. सारा खानदेश मानतो. जा, दगड आण."

गोष्ट खरी होती. बाजारात शेजारी शेजाऱ्याचं गिऱ्हाईक पळवील, वजनात काटा मारील, पण जागेवरच्या दगडाला हात लावणार नाही. वच्छला घरी पळाली. दगड म्हणजे कोणता आणायचा? चुलीवर तर आता तवा चढणारच नव्हता. तिनं तिसरा दगड उचलला, एका अंगानं काळाकुट्ट, आणि पदराखाली धरून जिनात आणून रेच्यापाशी ठेवला. मग भोंगा वाजायच्या आत पोरीपाशी परत.

त्या दिवसापासून आबेदा रोज सुट्टी झाली की अंगणात, डहाळ्यापासून हातभर लांब उभी राहून बातमी द्यायची. आत वच्छला पोरीच्या अंगावर लिंबाचा पाला फिरवत ऐकायची.

पहिली बातमी: छगननं दगड उचलून सरकीच्या ढिगात भिरकावला. पण नवी बाई बसवायला गेला तर आजूबाजूच्या बाया म्हणाल्या, "दगडाची जागा आहे, आम्ही बसू देणार नाही." नवी बाई बाजारात भाजी विकणारीच होती, ती आपणहूनच मागं सरली.

दुसरी बातमी: सकाळी दगड पुन्हा जागेवर. छगननं पुन्हा भिरकावला.

तिसऱ्या संध्याकाळी आबेदा आली तीच तोंडात ओढणी कोंबून. बोलता येईना. हसू आवरलं तेव्हा सांगितलं. छगन दगडाला लाथ मारायला म्हणून गेला, पाय उचलला, आणि तो पाय तसाच हवेत! दगड शेंदरानं न्हालेला, पुढ्यात हळद-कुंकू, फोडलेला नारळ. मुकादम एका पायावर, बगळा जसा तळ्याकाठी. मग हळूच पाय खाली आणला, वहाण काढली आणि कोणी बघत नाहीसं पाहून हात जोडले.

"शेंदूर कोनी लाया वं?" वच्छलानं विचारलं.

"मैं क्या जानूं? आमच्यात शेंदूर नसतो," आबेदा म्हणाली. "पण भिकूबाईचा तळहात आज सकाळपासून केशरी दिसतोय. विचारलं तर म्हणते, गाजरं किसली."

भिकूबाई म्हणजे जिनातली सगळ्यात म्हातारी. तिच्या घरी गाजर कधी आलं असेल तर ते वाट चुकूनच आलं असणार.

घरात आवाज करायचा नाही म्हणून वच्छलानं लुगड्याचा बोळा तोंडात धरला आणि पोट धरधरून हसली. तापल्या अंगानं सुंदरही आईकडे बघून हसली. गोवर निघाल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी.

पण देवाचं काम असं असतं, एकदा बसवला की आपल्या हातात राहत नाही. बातमी रतिलाल शेठकडे गेली. शेठ देवभोळा माणूस. दुकानाचं कुलूप उघडताना कुलपालाही नमस्कार करायचा. तो आला, आडवा पडून दंडवत घातला. त्याच आठवड्यात रुईचा भाव चढला. झालं! शेठनं जाहीर केलं की ही आई आपल्या जिनाला पावली. तो रेचा बंद. भोवती लाकडी कठडा, वर समई, आणि होळीनंतर पक्का ओटा.

छगननं एकदा धीर करून सांगितलं, "शेठ, दगडाची मागची बाजू काळी आहे. चुलीतला वाटतो."

शेठ कडाडला, "छगन! देवाला कुळ विचारतोस?"

छगननं वाकून समईत तेल घातलं.

इकडे सुंदरच्या अंगावरचं पुरळ विरलं, ताप उतरला, पोरगी भाकर मागायला लागली. वच्छला लुगडं नेसून, कुंकवाशिवायच्या कपाळावर पदर ओढून भोंग्याला हजर झाली. आणि बघते तर तिच्या जागेवर कठडा, समई, फुलं. रेचा गप्प. आपलाच चुलीचा दगड मखरात बसल्यासारखा बसलेला, आणि आपण बाहेर.

"आठे मी बठस, मुकादम. जागा मनी शे," ती म्हणाली.

छगनला तर गुदगुल्याच झाल्या. "तुझी कशी? आईची आहे. आता आईला उठवून तू बसणार? शेठला सांग जा. नाहीतर फाटकाबाहेर उभी राहा, कोणाची रिकामी झाली तर बघू."

आबेदानं कपाळावर हात मारला. भिकूबाईनं दोन्ही हात लुगड्यात लपवले. जागा राखायला देव बसवला, आणि देवानंच जागा खाल्ली! खरं सांगावं तर भिकूबाई अडकते, आणि शेठ सगळ्यांनाच हाकलतो. न सांगावं तर वच्छला फाटकाबाहेर, आणि घरी पोरगी भाकर मागतेय.

वच्छला तिथंच उभी राहिली. बाया सांगतात, तिनं दगडाकडे बघितलं, जसं माहेरच्या माणसाकडे बघावं. मग सरळ शेठच्या गादीपुढं गेली. छगन मागं धावला, सगळ्या बाया छगनच्या मागं. भोंगा वाजून गेला तरी एकही रेचा फिरला नाही.

"शेठ," ती म्हणाली, "आईले निरोप देवाना शे."

शेठ दचकला. "निरोप? का?"

"माझ्या पोरीच्या अंगावर आई आली होती. मी घरी तिची सेवा करत होते, म्हणून माझ्या कामाच्या जागेवर ती आपण बसली. पाहुनी शे ती. पोरगी बरी झाली, आज तिला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. आता पाहुणीला दहीभात देऊन वाटेला लावायचं असतं. तुमच्या घरी गोवर आला होता तेव्हा तुम्ही काय केलंत?"

शेठच्या घरी दोन पोरांना गोवर येऊन गेला होता. दोन्ही वेळा दहीभात झाला होता.

"पाहुणीला निरोपच दिला नाही, वर कठडा घालून कोंडलं, तर ती काय म्हणेल?" भिकूबाई मागून म्हणाली. म्हातारीचा आवाज असा कापरा की शेठ गादीवरून उठून उभा राहिला.

"म... मग ठेवायची कुठं?"

"फाटकाशी लिंब आहे, त्याच्याखाली. ते तिचं घर." मग वच्छला जे बोलली ते मुंबईच्या कायद्यातही नव्हतं. "आणि शेठ, तिला शब्द द्या. जिनातल्या कोणाचं पोर पुन्हा आजारी पडलं आणि घरी दुसरं माणूस नसलं, की आई त्याच्या जागेवर येऊन बसेल. ती बसली आहे तोवर जागा कोणाला द्यायची नाही. पोर बरं झालं की ती लिंबाखाली, आणि माणूस आपल्या जागेवर."

"आणि मशीन? मशीन बंद ठेवू?" हा शेठमधला शेठ बोलला.

"मशीनला डाव्या-उजव्या हाताच्या दोघी चारतील," आबेदा म्हणाली. "एक मी आहेच. आईच्या शेजारी काम करायला कोण नाही म्हणेल?"

शेठनं रुईच्या भावाचा विचार केला, दोन्ही पोरांचा विचार केला, आणि हात जोडले. "दिला शब्द."

मग काय थाटाची मिरवणूक निघाली! पुढं शेठ दहीभाताचं ताट घेऊन, मागं वच्छला डोक्यावर दगड घेऊन, आणि कुठूनसा एक हलगीवालाही आला. दगड लिंबाखाली बसला. कठडा काढला. वच्छला खिडकीपाशी बसली आणि रेच्यानं तोंड उघडलं.

घरी येऊन तिनं दोन दगडांना वीट जोडली. सुंदरनं विचारलं, "माय, आपला दगड?"

"कामाले लागना," वच्छला म्हणाली आणि भाकर थापायला घेतली.

त्या मोसमात दगड कुणाकुणाच्या जागी जाऊन आला. बायांपुरतं ते रूढच झालं. पण शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी लिंबाखाली लोटन उभा दिसला. लोटन बॉयलरवर कोळसा टाकायचा. बायको जाऊन वर्ष झालं होतं, पदरात एक लेकरू. एवढा आडदांड गडी, पण पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"अक्का," तो वच्छलाला म्हणाला, "हा दगड... बाप्यालेबी चालस का? लेकराले ताप शे."

भिकूबाई म्हणाली, "तापाला काय ठाऊक कपाळाला कुंकू असतं की टोपी?"

दगड बॉयलरपाशी गेला. आईला उकडू नये म्हणून आबेदानं खाली ओलं पोतं घातलं. लोटन घरी पळाला. पण आता पंचाईत अशी की बॉयलरला डावं-उजवं कोणी नव्हतं, आणि आग काही सुट्टी घेत नाही. शेठ आला, दगडाला नमस्कार केला आणि इकडं तिकडं बघितलं. जिनात रिकाम्या हाताचा माणूस एकच दिसला.

दुपारी वच्छला भाकर खायला बाहेर आली ती मुद्दाम बॉयलरवरून. छगन मुकादम फावडं मारत होता. मिशीचा पीळ घामानं सुटला होता, नाकापासून टाचेपर्यंत काजळी. शेजारी ओल्या पोत्यावर दगड गारेगार बसला होता.

वच्छला दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "मुकादम, दोन्ही काळेच. आते मना दगड कोनता, ते वळखू येत नही."

छगननं फावडं टेकलं, घाम पुसला, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, पण त्या काळ्या तोंडात त्याचे पांढरे दात चमकले.

"बसलाय तो तुमचा, बाई. राबतोय तो शेठचा."