हापशाचा दांडा

बीडला बसस्टँडच्या मागे आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. बहुतेक पोरं टायपिंग शिकायला यायची. पण आमचे सर पुण्यात ॲनिमेशनच्या कंपनीत काही वर्षं काढून गावाकडे परतलेले. त्यांनी आम्हा तिघाचौघांना निवडून थ्री-डी शिकवायला घेतलं. त्यांत मुलगी मी एकटीच.

शेवटच्या प्रोजेक्टला सर म्हणाले, "एखादी लोखंडी वस्तू घ्या. रोजच्या वापरातली, झिजलेली. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हात लावला तर हाताला गंज लागेल."

मी आमच्या गावचा, चकलांब्याचा हापसा घेतला. लहानपणी सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी भरलेलं, त्यामुळे तो मला पाठ होता, असं मला वाटत होतं. कॉम्प्युटरवर आकार लवकर जमला. खांब, तोटी, वरची पेटी, लांब दांडा. मग रंगाचं काम आलं. शिंपी झंपर उसवून कापड सपाट पसरतो, तसं मॉडेलचं कातडं उलगडून सपाट करायचं आणि त्यावर रंगवायचं. मी ब्रश घेतला आणि वरपासून खालपर्यंत तांबडे-तपकिरी ठिपके मारत सुटले.

सरांनी मॉडेल फिरवून बघितलं. "याला गोवर आलाय," ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले.

"गंज सगळीकडे सारखा येत नसतो," सर म्हणाले. "पाणी कुठं साचतं, ऊन कुठं लागतं, माणसाचा हात कुठं पडतो, हे आधी ठरव. मग ब्रश धर."

रविवारी त्यांचा कॅमेरा मागून घेतला आणि गेवराईमार्गे गावी गेले. दप्तर ओट्यावर टाकलं आणि तशीच हापशावर. बघते तर हापसा हिरवागार. नवाकोरा ऑइलपेंट, अजून वास मारत होता.

घरी येऊन आईला विचारलं, "हापशाला काय केलं गं?"

"रंग दिला. कोण तरी साहेब पाहणीला येणार हायेत. लई चांगला दिसतोय की."

"मला जुनाच पाहिजे होता."

"कावून?"

"त्याचा गंज काढायचाय."

"गंज काढायला बीडला शिकायला गेलीस व्हय?" आई तवा उतरवत म्हणाली. "आन् इथं भांडी कोण घासतं मग?"

चित्रात काढायचाय, असं सांगितलं तर तिला ते आणखीच विचित्र वाटलं. चांगली वस्तू काढायची सोडून गंजकी वस्तू काढायची, यात काय शिकण्यासारखं आहे, हे मलाही तिला नीट सांगता आलं नाही.

दुपारी, उन्हात कुणी नसताना, मी पुन्हा हापशावर गेले. फोटो काढून उपयोग नव्हता. मग दांडा धरला आणि हापसायला लागले. तळहाताला हिरवा रंग चिकटला. हात मात्र आपोआप दांड्याच्या टोकाला गेले होते. माझी जागा तीच. टोकाला मी, आणि मध्ये माझी मोठी बहीण, अक्का. आम्ही दोघी मिळून हापसत असू, ती पेटीच्या बाजूला, मी बाहेर.

मी एकदा मधे धरून बघितलं. दांडा केवढा तरी जड गेला. तरफेचा धडा मी शाळेत शिकले होते, टेकूपासून लांब धरलं की जोर कमी लागतो, त्यावर मार्कही मिळवले होते. पण अक्का रोज अवघड जागी उभी राहत होती, हे त्या दुपारपर्यंत कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नववीत तिची शाळा सुटली. मग लग्न होऊन ती उमापूरला गेली. मी शिकत राहिले.

बीडला येऊन सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. आधी नुसतं उघडं लोखंड. त्यावर रंगाचा थर. तोटीखाली पाणी ओघळतं तिथं गंजाच्या उभ्या रेघा, पेटीच्या कडेला काळं वंगण. मग दांड्यावरचा रंग हळूहळू खोडत गेले. चमकेचं एक वेगळं काळं-पांढरं चित्र करावं लागायचं. पांढरं तिथं चकाकी, काळं तिथं मंद. त्यात मी दोन पट्टे पांढरे केले, एक टोकाला आणि एक मधे.

"मधे कशाला?" सरांनी विचारलं. "दांडा टोकालाच धरतात."

"दोघी असल्या की एकीला मधे धरावं लागतं, सर."

त्यांनी मॉडेल फिरवून दांडा जवळ आणला. "मग दोन्ही पट्टे सारखे कसे? जिला जोर जास्त लागला, तिची पकड घट्ट. तिथलं लोखंड जास्त उघडं पडणार."

मी मधला पट्टा वाढवला.

त्याच आठवड्यात अक्का आणि दाजी कपिलधारला दर्शन करून परत जाताना बीडला उतरले. दाजी विहिरीवरच्या मोटारीचा पार्ट बघायला बाजारात गेले आणि अक्का जिना चढून क्लासवर आली. चपला बाहेर काढून, पदर सावरून दारातच उभी राहिली. नशिबानं लाईट होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि हापसा फिरवून दाखवला.

"अगं, हा तर आपला हापसा!" ती एकदम वाकली. मग स्क्रीनला बोट लावून म्हणाली, "हितं माझा हात."

"अक्का, तू मधी कावून धरायचीस गं? जड जायचं ना?"

"टोकाला तू असायचीस की. मधी तू धरलं आसतंस तर तुझे पायच उचलले आसते जमिनीवरनं." ती हसली. "आन् आटपायचं आसायचं. तुला शाळंला उशीर व्हायचा."

तिच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. ती अजून दांडाच न्याहाळत होती.

"एक ऱ्हायलंय. माझ्या हातात कडं होतं बघ, लोखंडी. ते घासायचं. हितं बारीक रेघा पडल्या व्हत्या."

मी माउस तिच्या हातात दिला. "तूच मार."

"मला न्हाई येत बाई."

"येतं. दाबून धर आणि ओढ."

तिनं एक रेघ ओढली. माउसची सवय नसल्यामुळे ती नागमोडी गेली. "वाकडी झाली."

"वाकडीच पाहिजे."

मग तिनं जिभेचं टोक दातात धरून आणखी काही रेघा मारल्या, मन लावून, खालून दाजींची हाक येईपर्यंत. हाक आली तशी ती उठली. चपला घालताना पुन्हा एकदा वळून बघितलं आणि गेली.

सरांनी ते काम सीडीवर घालून आपल्या जुन्या कंपनीत पाठवलं. मला पुण्याला बोलावणं आलं. पुढे कितीतरी वर्षं मी कॉम्प्युटरवरच्या परदेशी खेळांमधले ट्रक, दरवाजे, बंदुका गंजवत राहिले. ज्यांना कधी कुणाचा हात लागलेला नाही अशा त्या वस्तू. तरी प्रत्येक वेळी आधी हात कुणाचा ते ठरवायचे. बाई की पुरुष, उजवा की डावखुरा, घाईत की निवांत. बरोबरच्यांना ते वेडेपण वाटायचं.

नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत उमापूरला गेले. अक्काच्या शेजारणी बसायला आल्या होत्या. पुण्यात मी काय करते असं एकीनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "लोखंड रंगवती. जुनं दिसंल असं. पयल्या कामातल्या रेघा मी मारल्यात."

"तू? कॉम्प्युटरवर?" शेजारीण हसली.

"खरं हाय का न्हाई, सांग गं हिला," अक्का मला म्हणाली.

मी "खरंय" म्हणाले. मग अक्कानं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि माउस कसा धरायचा, हे हातानं दाखवत सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.