खाली हलवलेला प्रिंटर

ताईच्या गुडघ्यांसाठी प्रिंटर खाली हलवला, असं मी घरात सांगितलं. ते खोटं होतं.

मेहुणे गेल्यावर ताई सातपाटी सोडून बोईसरला आमच्या तळमजल्यावर राहायला आली. गावाहून सुके बोंबील, जवळा आणून पाकिटं भरायची. पाकिटांवरची लेबलं छापायला जिना चढून माझ्या खोलीत यायची. लेबलं लगेच निघत, पण ती पलंगाच्या कडेला बसून राही.

"कंपनीत सगळी तुज्यासारखीच तोंड मिटून बसतात का रे? मग काम कोण सांगतं?"

मी हसायचो. ती गेली की खिडकी उघडायचो. मला तिच्या साडीचा वास नको असायचा. मी त्याच वासात वाढलो, तरी.

एकदा चष्मा विसरला म्हणून ती परत आली. मी पलंगावर सेंट मारत होतो. तिने चष्मा उचलला आणि जिना उतरली.

पुढच्या सुट्टीला मी विंडोज न पेलणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, तो तिच्या खोलीत मांडला आणि यूएसबीच्या वायरीने प्रिंटर त्याला जोडला. सेटिंगमध्ये जाऊन शेअर केल्यावर घरच्या वायफायवर तो माझ्या लॅपटॉपला वरूनच दिसू लागला. चाचणीचं पान सोडलं.

"आला रे कागद," खालून तिचा आवाज.

"बघ, आता तुला जिना चढायला नको."

"नाय चढत," ती म्हणाली.

खरंच चढली नाही.

ऑफिसचे कागद मी वरून छापायचो आणि उतरून आणायचो. पहिल्याच दिवशी तिने ते कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. बोंबलाची पाकिटं बंद करायच्या मशीनने तोंड चिकटवलेलं.

"हे कशाला, ताई?"

"तुज्या सायबाच्या टेबलावर जानार ना. वास नको लागाया."

टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण तिने ते सरळ मनाने, काळजीने केलं होतं. जिन्यात थांबून मी पिशवी फाडली, कागद नाकाशी धरले. कसलाच वास नव्हता.

अजून ती कागद तसेच देते. मी अजून 'नको' म्हणालेलो नाही. तसं म्हणायचं, तर ते खरं वाटावं म्हणून तिला एकदा वर बोलवावं लागेल.