पुगैयानचं बी

ती ओळ मीच लिहिली होती. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गटात चूक कुणाची हे ठरायला तीन बैठका लागतात.

आम्ही भातावरच्या फवारणीविरुद्ध पत्रकं काढतो. गुलाबी कागद, एकच बाजू, तमिळमध्ये. बसमध्ये उभ्या माणसाचं पुढचा थांबा येईपर्यंत वाचून झालं पाहिजे, हा आमचा नियम. मी लिहिलं, "थोडं थोडं विष पाजाल, तर कीड विष पचवायला शिकेल." तमिळमध्ये ओळ यमकात छान बसली. मी खूश, गट खूश, आणि सगळ्यांत खूश माझा मामा.

मामा ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत आहे. जवळच्या गावात त्याचं थोडं शेत आहे, सुट्टीच्या दिवशी तो स्वतः चिखलात उतरतो. त्यानं पत्रकांचा गठ्ठाच नेला. एक कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली घातलं, बाकीची पाटाच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना वाटली. प्रत्येकाला सांगून, की भाचीनं लिहिलंय.

मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "ये गे. बघून जा."

शेतात गोल गोल डाग पडले होते. तापलेला तवा ठेवून उचलावा तसे करपलेले. भोवती भात हिरवागार, आणि मधे हे. मामानं भाताच्या एका चुडाला, रोपांच्या झुपक्याला, थाप मारली. खालच्या पाण्यावर तिळासारखं काहीतरी सांडलं आणि ते तीळ चालायला लागले. तपकिरी तुडतुडे. इथं त्यांना पुगैयान म्हणतात, शेत धुरानं काळवंडल्यासारखं करतात म्हणून.

"फवारलंस?"

"फवारलं की. डबल. दोन औषधं एकत्र करून." दुकानदार विषाला औषध म्हणतो, मामाही म्हणतो, आणि तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

"मामा! पत्रक फवारणीच्या विरुद्ध होतं!"

"विरुद्ध कुठं? थोडं थोडं देऊ नका, कीड शिकते, असं होतं. म्हटलं, शिकायला वेळच द्यायचा नाही. एका दमात संपवायचं." तो जराही रागावलेला नव्हता. "कचेरीत जन्म गेला गे माझा. लिहिलंय तेवढंच वाचतो मी. तुझ्या मनातलं वाचायला पगार नाही मिळत."

त्यानं पुन्हा चुडाला थाप मारली, पाण्यात बघितलं.

"पण एक सांग. जे मेले ते काही शिकले नाहीत. हे तर तेव्हा जन्मलेही नव्हते. मग शिकलं कोण?"

एवढं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. शाळेत आम्हाला बाईंनी सांगितलं होतं, जिराफानं मान ताणली ताणली आणि ती लांब झाली. बाकावरच्या सगळ्यांनी माना ताणून बघितल्या होत्या. पुढे मी नीट वाचलं, खरं काय ते मला कळलं. म्हणजे पत्रक लिहिताना मला माहीत होतं. तेच मनाला जास्त लागतं. खरं लिहायला चार ओळी लागल्या असत्या आणि त्यांत यमक नव्हतं.

"कुणीच शिकत नाही, मामा," मी म्हटलं. "हजारांत दोनचार जन्मतःच वेगळे असतात. आपण विष आणायच्या आधीपासून. ते विष त्यांना बाधत नाही, बाकीचे मरतात. तुडतुड्यांना खाणारे कोळीही मरतात. उरलेल्यांना सगळं शेत मोकळं. पुढची पिल्लं कुणाची?"

तरी त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मला छपरीतली जुडी आठवली. दरवर्षी कापणीआधी मामा विळा घेऊन एकटाच शेतभर फिरतो. पाणी साचूनही आडव्या न पडलेल्या लोंब्या तेवढ्या वेचतो, जुडी बांधून वाशाला टांगतो. पुढच्या वर्षीचं बी. त्या जुडीला तो मामीलासुद्धा हात लावू देत नाही.

"तू बियाण्याच्या लोंब्या वेचतोस ना? आडव्या पडल्या त्यांचं बी राखत नाहीस. विषानं तेच केलं. पडले ते गेले. उभे राहिले त्यांचं बी राखलं."

त्यानं पायाखालच्या चिखलाकडे बघितलं. "म्हणजे मी पुगैयानचं बी राखलं," तो म्हणाला. आणि मग, "आणि डबल मारलं म्हणजे सगळ्यांत दांडग्याचं." मी हो म्हटलं. "हे तुझ्या कागदात का नव्हतं गे?"

तेवढ्यात विषाचा वास आला. पाटापलीकडे शेजारचा शेतकरी पाठीवर पंप घेऊन बांधावर उभा होता. नाकाला टॉवेल, पाय उघडे. मामा इथूनच ओरडला, थांब, थांब! आम्ही पाटावरच्या ताडाच्या ओंडक्यावरून धावत पलीकडे गेलो. त्यानं शर्टाच्या खिशातून घडी काढली. गुलाबी, घामानं ओली.

"तूच लिहिलंस ना, अम्मा? बरोबर लिहिलंस. थोडं थोडं नको."

मी सगळं सांगितलं. लोंब्यांसकट. त्यानं नीट ऐकलं, मान हलवली. मग पाठीवरच्या टाकीवर हात मारून म्हणाला, "ही भरून ठेवलीय. डबल. आता कुठं ओतू? पाटात?"

पाटात गुरं पाणी पितात. बांधावर ओतलं तरी ते पाटातच उतरणार. पाच वर्षं मी पत्रकं लिहितेय, भरलेल्या टाकीचं काय करायचं ते एकातही नाही.

त्यानं थोडा वेळ वाट बघितली, अगदी अदबीनं. मग टॉवेल वर ओढून भातात उतरला.

आम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकून उभे राहिलो. "उरलेली पत्रकं मला परत दे," मी म्हटलं.

"उरलंय कुठं काय?" मामा म्हणाला. "सगळी वाटली. काचेखालचं तेवढं आहे."